कठडा सोडायला लावणारं घड्याळ काय कामाचं?

पाचपाखाडीकर:
काल घोडबंदरच्या एका ॲपवाल्यानं लिहिलं होतं, "चांगल्या फिटनेस ॲपला तीनच गोष्टी लागतात. दहा हजार पावलांचं लक्ष्य, लक्ष्य गाठलेल्या दिवसांची न तुटणारी साखळी आणि तासातासाला आठवण. बाकी सगळा पसारा. ज्याला एवढंही झेपत नाही तो आपला ग्राहकच नाही." वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून सविस्तर लिहितोय.

आमची आई ६७ वर्षांची. रोज पहाटे कचराळी तलावाला फेऱ्या मारते. दिवाळीत मीच तिला घड्याळ घेऊन दिलं. साखळी ४३ दिवसांची झाली आणि जुलैत तिला ताप भरला. त्या रात्री साडेनऊला घरी आलो तर आई जिन्यात. एका हातानं कठडा धरून दोन मजले वर-खाली चालली होती. मनगटावर अक्षरं: "फक्त १,१४० बाकी! साखळी तोडू नकोस!" मी ओरडलो. ती म्हणाली, "अरे, कठडा धरला की हे मोजतच नाही बघ." आणि माझ्यादेखत तिनं कठडा सोडला, हात हलता राहावा म्हणून.

घड्याळाला पाय दिसत नाहीत, मनगटाचा झोका दिसतो. कठडा धरला, वॉकर धरला, नातवाची बाबागाडी ढकलली की झोका थांबतो आणि पावलं गळतात. ज्याला आधाराची गरज सर्वांत जास्त, त्याचेच कष्ट मोजले जात नाहीत.

आणि दहा हजार आले कुठून? १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. नावातला आकडा पुढे जगभर लक्ष्य होऊन बसला. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सोळा हजारांवर वयस्कर बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, सरासरी वय ७२. दिवसाला साधारण ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण २,७०० वाल्यांपेक्षा बरंच कमी होतं, आणि ७,५०० च्या पुढे फरक वाढेनासा झाला. आई सकाळच्या फेऱ्यांतच रोज सहा हजार चालत होती. तरी दहा हजार होईपर्यंत तिला रोज 'अपूर्ण' असंच वाचावं लागत होतं.

घोडबंदरचा ॲपवाला:
आईंना त्रास झाला, वाईट वाटलं. खरंच. पण एका घरातल्या प्रसंगावरून सगळ्यांचं ठरवू नका. माझं वजन ९६ होतं. डॉक्टरनं सांगितलं, बायकोनं सांगितलं, मी हललो नाही. हललो ते साखळीमुळे. बाराव्या दिवशी पाऊस होता, तरी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये चाललो, कारण आकडा शून्यावर जाणार होता. आज ८१ आहे. हे तुमच्या अभ्यासात बसतं का?

दुसरं, पावलं ॲप मोजत नाही. घड्याळातली चिप मोजते आणि आम्हाला तयार आकडा देते. कठड्याचा राग माझ्यावर कशाला? फोनवाले बॅटरी वाचवायला मागे चालणारी ॲप्स बंद पाडतात, त्यात दोन तासांची नोंद हरवते, त्याच्याही शिव्या आम्हीच खातो.

नेरूळची फिजिओ:
आकडा चिप देते, पण त्या आकड्याखाली 'अपूर्ण' कोण लिहितं? ते तुम्हीच लिहिता ना?

माझ्याकडे एक आजोबा येतात. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर चालू आहे. त्या गोळीनं नाडी वाढतच नाही फारशी. ॲप २२० मधून वय वजा करून त्यांची कमाल नाडी धरतं, त्यावरून 'झोन', म्हणजे चालताना नाडी किती हवी तो पट्टा, काढतं आणि म्हणतं, वेग वाढवा. आजोबा पाम बीच रोडला घामाघूम होऊन चालतायत, तरी घड्याळ खूश नाही. ते सूत्र मुळात सरासरीचं, माणसागणिक दहा-बारा ठोके सहज इकडेतिकडे. सुरुवातीला एकच प्रश्न विचारा: "नाडी मंद करणारी गोळी घेता का?" हो म्हटलं तर झोन लपवा आणि विचारा, चालताना बोलता येतंय का. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढं पुरे. आम्ही रोज हेच सांगतो.

येऊरचा धावपटू:
सगळे मनगटावर भांडताय, चालायचं कुठे ते बोला. घोडबंदरला फूटपाथ म्हणजे मेट्रोच्या पत्र्यांना खेटून उरलेली फूटभर जागा, तीही दुचाकींनी भरलेली. तासातासाला 'ऊठ' म्हणणाऱ्यानं संध्याकाळी सातला तिथे एकदा चालून दाखवावं. टॉवरांच्या मधे जीपीएसची रेघ तर रस्ता सोडून इमारतीतून जाते, सिग्नल भिंतींवर आपटून येतो ना.

ॲपवाल्यांना एकच मागणं. पावसात ओल्या काचेवर बोट चालत नाही. थेंब पडला की घड्याळ त्यालाच बोट समजतं. परवा येऊरच्या चढावर माझी धाव आपोआप बंद झाली, घरी आल्यावर कळलं. सुरू आणि थांबा ही दोन कामं बाजूच्या बटणावर हवीत.

ऐरोलीची मास्तरीण:
मला त्या वाक्यातलं दुसरंच खटकलं. "साखळी तोडू नकोस." ६७ वर्षांच्या बाईंना नकोस? मराठी दिलं म्हणून कौतुक करायचं, आणि मशीन आईला अरे-तुरे करणार?

घोडबंदरचा ॲपवाला:
ताई, 'तुम्ही' लिहिलं की बँकेची नोटीस वाटते. मित्रासारखं वाटावं म्हणून 'तू'. आणि खरं सांगू? मी माझ्या ॲपमध्ये मराठी ठेवलं होतं. घेणाऱ्यांतले बरेच जण आठवड्याभरात इंग्रजीवर गेले. लोक स्टेप्स म्हणतात, वॉक म्हणतात. तुमच्या 'पदगणने'ला कोण विचारतो?

ऐरोलीची मास्तरीण:
पदगणना मी म्हटलंच नाही. पावलं म्हणा, चालणं म्हणा, ठोके म्हणा. लोक इंग्रजीवर का गेले ते मी सांगते, कारण मी स्वतः गेले. माझ्या घड्याळात 'विश्रांती'ची वेलांटी आणि अनुस्वार वरून कापलेले. 'हृदयगती'चा ऋकार खालून कापलेला. ओळीची उंची इंग्रजी अक्षराच्या मापानं ठेवायची, आमच्या मात्रा छाटायच्या आणि मग म्हणायचं मराठी कुणाला नको! व्यायाम संपल्यावर तर "थंड व्हा" असं आलं. थंड व्हा! 'आता हळूहळू चाला' लिहायला कुणाचा हात धरला होता?

येऊरचा धावपटू:
मात्रांचं बरोबर आहे, पण मराठी अंक नकोत. धावताना अर्धा सेकंद नजर जाते, मराठी १ मला इंग्रजी नऊ वाटतो. १५१ चे ९५९ ठोके वाचून माझाच ठोका चुकला होता.

ऐरोलीची मास्तरीण:
तुम्हाला नकोत म्हणून कुणालाच नकोत? माझ्या सासूबाईंना इंग्रजी आकडे चटकन लागत नाहीत. निवड द्या, संपलं.

घोडबंदरचा ॲपवाला:
निवड द्या, निवड द्या! प्रत्येक 'निवड द्या' म्हणजे सेटिंगमध्ये एक ओळ. अशा चाळीस झाल्या की तुम्हीच म्हणणार, ॲप किचकट आहे. आम्ही तीन जण आहोत. रात्री दोनपर्यंत बसतो. इथे फुकटचे सल्ले देणाऱ्या एकानं तरी कधी घड्याळासाठी पडदा आखलाय? बटण बोटाला पुरेल एवढं, ४८ डीपीचं (डीपी म्हणजे पडद्यावरचं माप) ठेवलं की गोल काचेवर उरतं काय, ते करून बघा एकदा.

पाचपाखाडीकर:
आवाज चढवू नका. आम्ही गिऱ्हाईक आहोत, काचत असेल तर बोलणारच. आणि चाळीस ओळी कुणी मागितल्या? मला एकच हवंय, "आज बरं नाही" असं बटण. दाबलं की आठवण बंद, साखळी शाबूत. ॲपलचं घड्याळ २०१५ मध्ये आलं, आणि रोजच्या हालचालीचं लक्ष्य दाखवणारी वर्तुळं थांबवायची सोय द्यायला २०२४ उजाडलं, वॉचओएस ११ या त्यांच्या घड्याळाच्या सॉफ्टवेअरमध्ये. त्यांनाही शेवटी द्यावीच लागली.

नेरूळची फिजिओ:
जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेबही आठवड्याचा आहे, मध्यम व्यायाम १५० ते ३०० मिनिटं. आठवड्याची बेरीज दाखवली तर एक दिवस ताप आल्यानं काही बुडत नाही. साखळीही आठवड्यांची करा.

घोडबंदरचा ॲपवाला:
आठवड्याची साखळी... विचार करतो. माझ्यासारख्या आळशाला रोजचाच धाक लागतो, ते मी काढणार नाही. 'आज बरं नाही' घालतो, पण महिन्यात चारदा. त्याहून जास्त दिलं तर मी स्वतःच रोज दाबीन. कठड्याचं म्हणाल तर, फोन खिशात असेल तर त्याची मोजणी जास्त बरोबर येते, तेव्हा दोन्हींत मोठा आकडा असेल तो धरता येईल का बघतो. मात्रांचं काम आजच काढलं. 'विश्रांती' खरंच कापलेली होती, माझ्या लक्षात आलं नव्हतं. 'तू' मात्र राहणार.

ऐरोलीची मास्तरीण:
मग मी इंग्रजीच वापरणार. तिथे निदान 'यू'मध्ये दोन्ही मावतात.

नेरूळची फिजिओ:
महिन्यात चारदा? पाळीचे दिवसच तेवढे असतात, साहेब. ताप कुठे बसवायचा?

पाचपाखाडीकर:
'तू'बद्दल आज सकाळी आईलाच विचारलं. म्हणाली, 'तू'चं काही नाही रे, देवालाही आपण तूच म्हणतो. तिला बोचतंय ते वेगळंच. संध्याकाळी सातला ती माळ घेऊन बसते, डोळे मिटलेले असतात, आणि नेमकं तेव्हा मनगट थरथरतं: "तासभर बसून आहेस!" माळेचा मणी कुठला होता ते विसरायला होतं, मग पहिल्यापासून सुरू करते. गेला महिनाभर ती सातच्या आधी घड्याळ काढून फ्रिजवर ठेवते. मी रोज तो फ्रिज उघडतो, मला दिसलं नव्हतं.

एवढी एक वेळ तिची तिला ठरवू द्या. ओळ एकच वाढेल.