मॅनेजरने माइल्स डेव्हिसकडून काही शिकावं का?

निळा_ट्रम्पेट
जाझ पियानिस्ट हर्बी हॅनकॉक एक किस्सा सांगतो. साठच्या दशकात जर्मनीत स्टुटगार्टला अमेरिकन जाझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या बँडचा कार्यक्रम, सगळं जमून आलेलं, माइल्सचा सोलो ऐन भरात आणि पियानोवर हर्बीने साफ चुकीची कॉर्ड (एकत्र वाजवलेले सूर) लावली. त्याने डोकंच धरलं. माइल्स क्षणभर थांबला आणि असे सूर वाजवले की ती कॉर्ड बरोबर वाटायला लागली. हर्बी म्हणतो, माइल्सने ती चूक म्हणून ऐकलीच नाही, घडलं ते घडलं म्हणून पुढे नेलं.
मागच्या महिन्यात आमच्याकडे क्लायंट डेमोत एका ज्युनिअर मुलीने चुकीचा स्क्रीन उघडला, मॅनेजरने सगळ्यांसमोर तिला थांबवून स्वतः बोलायला सुरुवात केली, तेव्हापासून ती मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही. तो स्क्रीन धरून पुढे जाता आलं असतं हो! माझं मत, लीडरशिप म्हणजे हेच, बाकीचं मॅनेजमेंट.

रात्रपाळी
नाही पटलं. मी औषधांच्या कारखान्यात शिफ्ट बघतो. चुकीचं वजन पडलं तर ते 'पुढे नेत' नाहीत, बॅच थांबवतात. आणि जाझवाले एवढे संत होते का? बेस वाजवणाऱ्या चार्ल्स मिंगसने 1962 मध्ये आपल्याच बँडमधल्या जिमी नेपरला ठोसा मारून दात तोडला, ट्रॉम्बोन वाजवणाऱ्या माणसाचा दात! तुमच्या माइल्सनेच 1957 मध्ये आपल्या बँडमधल्या सॅक्सोफोनवाल्या जॉन कोल्ट्रेनला काढून टाकलं होतं.

निळा_ट्रम्पेट
काढलं ते हेरॉइनपायी, वाजवताना चुकला म्हणून नाही. कोल्ट्रेनने त्याच वर्षी ते सोडलं, पियानिस्ट थेलोनियस मंकबरोबर वाजवलं, आणि 1958 मध्ये माइल्सने त्याला परत घेतलं. कुठे कडक व्हायचं आणि कुठे सोडून द्यायचं हे त्याला कळत होतं एवढंच म्हणतोय मी. बॅचच्या वजनाचं मान्य, तिथे थांबवायलाच हवं.

सुरपेटी
मला माइल्सपेक्षा बँडलीडर ड्यूक एलिंग्टन जवळचा वाटतो. तो 'ट्रम्पेटसाठी' लिहायचा नाही, कूटी विल्यम्ससाठी लिहायचा, सॅक्सोफोनवाल्या जॉनी हॉजेससाठी लिहायचा, म्हणजे माणूस समोर ठेवून काम बेतायचा. हॉजेस 1951 मध्ये सोडून गेला, 1955 मध्ये परत आला, आणि ड्यूकने त्याची जागा त्याला दिली. मोठे बँड परवडेनासे झाले तेव्हा स्वतःच्या रॉयल्टीतून पगार भागवले. आपल्याकडे तर आधी पोस्ट ठरते, मग त्यात माणूस कोंबतात, आणि मग म्हणतात परफॉर्मन्स नाही.

कडक_चहा
सगळं गोड गोड चाललंय म्हणून एक कडू सांगते. माइल्सचा 'काइंड ऑफ ब्लू' हा अल्बम 1959 मध्ये न्यूयॉर्कला दोन दिवसांत रेकॉर्ड झाला, 2 मार्च आणि 22 एप्रिल. त्यातलं 'ब्लू इन ग्रीन' आपलं आहे असं पियानिस्ट बिल एव्हान्स म्हणत राहिला, रेकॉर्डवर नाव मात्र माइल्सचं. टीमला मोकळीक द्यायची, त्यांच्या डोक्यातून आलेलं घ्यायचं आणि वर आपलं नाव लावायचं, हे तर आमच्या ऑफिसातही रोज चालतं, त्यासाठी जाझ कशाला पाहिजे?

रात्रपाळी
+1. शिवाय त्या स्टुडिओत कोल्ट्रेन, कॅननबॉल ॲडर्ली, एव्हान्स असे दिग्गज बसलेले. माझ्याकडे निम्मी पोरं तीन महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर आहेत. त्यांना 'इम्प्रोव्हाइज करा' म्हणू?

सुरपेटी
कॉन्ट्रॅक्टवरच्या पोरांसाठी आर्ट ब्लेकी बघा. ड्रमवर मागे बसून 'जाझ मेसेंजर्स' चालवायचा, 1990 मध्ये जाईपर्यंत, आणि सतत विशी-बाविशीची पोरं घ्यायचा. ली मॉर्गन, वेन शॉर्टर, विन्टन मार्सालिस तिथूनच पुढे गेले. ठेका त्याचा पक्का म्हणून पोरं बिनधास्त वाजवायची. आपला तबलजी ठेका घट्ट धरतो म्हणूनच गवई समेच्या अलीकडपर्यंत खेळू शकतो ना, तसंच. तुमची एसओपी (कामाची ठरलेली पद्धत) म्हणजे ठेका समजा, ती ढिली करायला कोण सांगतंय?

रात्रपाळी
ठेका म्हणजे एसओपी हे जमतंय. पण नवीन पोरगा रात्री दोनला काही सुचवतो तेव्हा ते लिहून घ्यायला मला वेळ नसतो, हे खरं आहे.

निळा_ट्रम्पेट
@कडक_चहा, एव्हान्सचं नाव नसणं हे मला खटकतंच, त्यात माइल्सची बाजू मी घेणार नाही. त्या अल्बममधला पियानो काढला तर काय उरतं सांगा. सोमवारी पुन्हा डेमो आहे, त्यातला रिपोर्टचा भाग त्या ज्युनिअर मुलीने बांधलाय, तो तिलाच सादर करू द्या असं मी मॅनेजरला आज लिहिलंय, उत्तर अजून आलेलं नाही.