दहाच्या नाण्यांचा डबा

नाताळात मुलांनी जमवलेली मदत म्हणजे शेवटी पालकांच्याच खिशातला पैसा, हा काही जणांचा आक्षेप बराचसा खरा आहे. परंतु मुलांनी असा निधी जमवणे ही काही नाताळची नवी टूम नव्हे, कारण 1949 पासून 7 डिसेंबरला येणाऱ्या सशस्त्र सेना ध्वजदिनासाठीही शाळकरी मुले छोटे ध्वज देऊन निधी गोळा करत आली आहेत.

कोल्हापुरात मी शिकवत असताना आमच्या वर्गाने पतंगी कागदाच्या चांदण्या करून विकल्या होत्या. पत्र्याचा डबा सर्वांसमोर उघडला, तेव्हा दहाची नाणीच एवढी निघाली, की 'ही दुकानदार घेत नाहीत' म्हणून मुले हिरमुसली. ती वैध चलन आहेत हे समजावून आम्ही ती बँकेत भरली, आणि ज्या संस्थेला ही मदत दिली तिची पावती (पालकांनी विचारण्याआधीच) मुलांनी फळ्याशेजारी चिकटवली.