कातीतले डोळे तपासा
कात टाकायच्या आधी पाळीव सापाचे डोळे दुधाळ झाले की त्याला लगेच कोमट पाण्यात बसवा, असं काही जण सुचवतात, ते पटलं नाही. तेव्हा सापाला धड दिसत नसतं. इकडे न्यू जर्सीत आमचा कॉर्न स्नेक (पाळतात तो बिनविषारी साप) एरवी गरीब गाय, पण त्या दिवसांत हात दिसला की शेपूट थरथरवतो. त्यापेक्षा आम्ही झाकणाला भोक पाडलेल्या डब्यात ओलं शेवाळ ठेवतो, तो आपणहून आत जातो.

डोळे पुन्हा स्वच्छ झाल्यावर काही दिवसांनी कात पडते. ती लगेच फेकू नका, डोक्याकडचा भाग उजेडात धरून बघा. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावरचा पारदर्शक खवलाही कातीबरोबर निघतो. कातीत या खवल्यांच्या दोन्ही चकत्या दिसायला हव्यात. एखादी डोळ्यावरच राहिली असेल तर चिमटा लावू नका, डोळा जायचा. ओलावा वाढवा, तरी नाही निघाली तर सरळ डॉक्टर.