मदत हवी आहे: युरोपा युनिव्हर्सालिस ४ या कॉम्प्युटर गेममध्ये माझं बहामनी राज्य दर वेळी मोडतंय. नेमकं कुठे चुकतंय?

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, पण वेळ काढून वाचा अशी विनंती.

मी कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते, वीस वर्षं झाली. कॉम्प्युटर गेमशी कधी संबंध आला नव्हता. मे महिन्यात भाची राहायला आली होती. एका दुपारी तिच्या लॅपटॉपवर जगाचा नकाशा दिसला आणि कोपऱ्यात तारीख, ११ नोव्हेंबर १४४४. मी तिथेच थांबले. आदल्याच दिवशी, १० नोव्हेंबरला वार्नाची लढाई झाली. दुसऱ्या मुरादने ती जिंकली, पोलंड-हंगेरीचा राजा व्लादिस्लाव तिथेच पडला. म्हणजे गेम उघडतो तेव्हा पोलंडच्या गादीवर राजाच नाही! भाचीला हे ठाऊक नव्हतं. तिने नकाशा सरकवत दख्खनवर आणला. बहामनी, विजयनगर, खानदेश, माळवा, गुजरात. हाच नकाशा मी वर्षानुवर्षं फळ्यावर खडूने काढत आलेय, आणि इथे तो हलत होता.

तिने जाताना माझ्या लॅपटॉपवर गेम टाकून दिला. साधारण सत्तर तास खेळले. पाच वेळा बहामनी घेऊन सुरुवात केली आणि पाचही वेळा १४८० च्या आत सगळं कोसळलं.

शेवटच्या वेळचं सविस्तर सांगते, म्हणजे चूक दाखवता येईल. विजयनगरवर स्वारी केली. त्यांचं सैन्य मोकळ्या मैदानात गाठलं, दोन लढाया जिंकल्या. तहात विजयनगर आणि त्याचा मित्र अशा दोघांकडून मिळून सात प्रांत घेतले. रात्रीचे साडेअकरा झाले होते. नकाशावर माझा रंग तुंगभद्रेच्या खाली उतरलेला बघून फार आनंद झाला, खोटं कशाला सांगू. मग वेळ पुढे सोडला. चार-पाच महिन्यांत त्या सात प्रांतांतल्या एकावर तिरप्या रेघा आल्या. बंडखोरांनी ताबा घेतला की तशा रेघा येतात, हे नंतर कळलं. सैन्य तिकडे वळवलं, तर दुसऱ्या टोकाला रेघा. अठरा हजारांची फौज नुसती धावत होती. पैसे संपले, कर्ज काढलं, कर्जाचं व्याज भरायला दुसरं कर्ज. वर लाल चौकट दिसत होती, ओव्हरएक्स्टेन्शन (पचवता येईल त्याहून जास्त मुलूख घेतल्याचं मोजमाप) शंभर टक्क्यांच्या वर. अ‍ॅडमिन पॉइंट्स (कारभार चालवायला लागणारे गुण) १४. शेवटी विजयनगरनेच उलटी स्वारी केली.

माझी अडचण अशी, की पडद्यावर एका वेळी पन्नास आकडे असतात. कशावरही माउस थांबवला की माहितीची चौकट उघडते, त्या चौकटीतही आणखी आकडे. गेम शिकवणारे व्हिडिओ बघितले. सांगणारे फार भरभर बोलतात, आणि काय करायचं ते सांगतात, का करायचं ते सांगत नाहीत. मला जिंकायची घाई नाही. सुरुवातीला कोणत्या आकड्यांकडे बघायचं आणि कोणते खुशाल सोडून द्यायचे, एवढं कोणी सांगेल का? भाची म्हणते बहामनी सोड, ऑटोमन घे. तेही खरं का? किल्ल्यांच्या वेढ्याचं तर काहीच कळत नाही. वर्ष वर्ष सैन्य बसून राहतं. आणि व्यापाराचा नकाशा उघडला की मी घाबरून बंद करते.

जाणकारांनी मार्गदर्शन करावं. आधीच धन्यवाद.

प्रतिसाद १

ताई, लढाया तुम्ही नीट जिंकलात. घात तहाच्या टेबलावर झाला.

जिंकलेला प्रांत आपोआप आपला होत नाही, तो कोअर करावा लागतो, म्हणजे कारभारात पक्का सामावून घ्यावा लागतो, आणि त्याला अ‍ॅडमिन पॉइंट्स लागतात. ढोबळ हिशेब धरा, प्रांताच्या दर एक डेव्हलपमेंटला (प्रांत किती विकसित आहे त्याचा आकडा) १० पॉइंट. आधी क्लेम, म्हणजे त्या प्रांतावर दावा, लावलेला असेल तर थोडे कमी. ओव्हरएक्स्टेन्शन शंभरावर गेलं म्हणजे तुमच्या सात प्रांतांची डेव्हलपमेंट शंभराच्या आसपास असणार. म्हणजे हजार पॉइंट झाले. आता मिळकत बघा. दरमहा ३ मुळातले, त्यात राजाचा प्रशासनाचा आकडा (तो ० ते ६ असतो), त्यात सल्लागाराचे. राजा १ चा आणि सल्लागार पहिल्या दर्जाचा असेल तर महिन्याला ५. हजार पॉइंट जमायला २०० महिने, जवळजवळ सतरा वर्षं! तोवर ते प्रांत धुमसत राहणार. शिवाय तंत्रज्ञानाची एक पायरी चढायला साधारण ६०० पॉइंट लागतात, तेही याच गंगाजळीतून.

म्हणून तहाला बसण्याआधी वरच्या पट्टीत अ‍ॅडमिन पॉइंट किती आहेत ते बघायचं, आणि तेवढंच मागायचं. उरलेल्या विजयाच्या बदल्यात रोख पैसे घ्या, शत्रूला त्याची मैत्री तोडायला लावा. पहिले शंभर तास हा एकच आकडा सांभाळलात तरी राज्य टिकेल.

प्रतिसाद २

+१. भाचीचं म्हणणं मला अर्धंच पटतं. ऑटोमन बलाढ्य आहे, त्यामुळे चुका खपून जातात, आणि खपलेली चूक लक्षात राहत नाही. नवख्या माणसाला मी पोर्तुगाल सांगतो. युरोपात जमिनीवरचा शेजारी एकच, कॅस्टिल. त्याच्याशी जमवून घ्या आणि निवांत गलबतं बांधा, वसाहती करा, खजिना कसा हलतो ते बघा.

व्यापाराबद्दल: पहिली पन्नास वर्षं हात लावू नका. एक व्यापारी घरच्या केंद्रात वसुलीला बसवा, दुसरा वरच्या अंगाच्या केंद्रातून माल आपल्याकडे वळवायला पाठवा. नकाशावरचे बाण ठरलेले आहेत, ते उलटे फिरत नाहीत. सगळं वाहत वाहत शेवटी व्हेनिस, जिनोआ आणि इंग्लिश चॅनेलला जातं. नदी समजा आणि आपलं धरण कुठे आहे एवढंच बघा.

प्रतिसाद ३

पोर्तुगालला माझा विरोध आहे. ताईंना दख्खन माहीत आहे. गावांची नावं, नद्या, कोणाचं कोणाशी वैर, हे सगळं त्यांच्या डोक्यात आधीच आहे. निम्मं शिकणं तिथेच झालं. अनोळखी देशात हे पुन्हा शून्यापासून. बहामनी अवघड आहे कारण राज्यकर्ते मुस्लिम आणि प्रजा बहुतांश हिंदू, त्यामुळे असंतोष मुळातच जास्त. पण ते अवघड का, हे ताईंना आपण सांगायची गरज नाही.

वेढ्याचं सांगतो. दर ३० दिवसांनी एक फासा पडतो. वेढ्याच्या चिन्हावर माउस नेला की शक्यता टक्क्यांत दिसते. ती उणे असेल तर त्या फेरीत किल्ला पडणारच नाही. जसजशी तटबंदी ढासळते, आतली रसद संपते, तसतसे टक्के चढतात. वेढ्याला बसलेल्या सेनापतीचा सीजचा (वेढ्यातल्या कसबाचा) आकडा त्यात मिळवला जातो, म्हणून बिनसेनापतीची फौज वेढ्याला ठेवू नका. खरा फरक तोफांनी पडतो. त्या लष्करी तंत्रज्ञानाच्या सातव्या पायरीला येतात. तोवर जास्त किल्ले असलेल्या शत्रूच्या वाटेला जाऊ नये. आणि नदी ओलांडून हल्ला केलात तर फाशावर एक वजा, डोंगरात शिरून केलात तर दोन वजा. शत्रूला आपल्या डोंगरात येऊ द्या.

आणखी एक, स्पेसबार. पहिल्या महिन्यात मी निम्मा वेळ गेम थांबवूनच खेळत होतो. त्यात कमीपणा काही नाही.

प्रतिसाद ४

क्रुसेडर किंग्ज ३ बघितलाय का? २०२० चा आहे. त्यात राज्याऐवजी माणूस खेळायचा असतो, लग्नं, वारस, भाऊबंदकी. शिकवणी १०६६ च्या आयर्लंडमध्ये आहे आणि या कंपनीच्या गेममधली सगळ्यात सोपी म्हणता येईल अशी. युरोपा ५ सुद्धा नोव्हेंबर २०२५ मध्ये आलाय, १३३७ पासून सुरू होतो, पण तो आणखी गुंतागुंतीचा आहे आणि त्याला लॅपटॉपही दणकट लागतो. आत्ता ४ च बरा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. इतक्या तपशिलाने कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

क्रुसेडर किंग्ज सध्या नको, मला राज्य कसं चालतं तेच बघायचंय. आणि प्रतिसाद ३ वाचून ठरवलं, दख्खनच.

प्रतिसाद १ मधला सतरा वर्षांचा हिशेब मी वहीत उतरवला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. बहामनींचा वजीर महमूद गावान याने राज्याच्या चार तर्फांच्या (प्रांतांच्या) आठ केल्या, तर्फदाराकडे एकच किल्ला ठेवला, हे मी दर वर्षी वर्गात सांगते. मुलं लिहून घेतात, परीक्षेत उतरवतात. मुलूख जिंकणं वेगळं आणि तो चालवणं वेगळं, आणि गावान चालवण्याच्या मागे होता, हे मी त्यांना कधी नीट सांगितलंच नाही. १४८१ मध्ये त्याला मारलं आणि पुढे थोड्याच वर्षांत अहमदनगर, विजापूर, वऱ्हाड वेगळे होऊ लागले. यंदा हा धडा वेगळ्या तऱ्हेने घेणार आहे.

व्यापाराच्या बाणांबद्दल मात्र माझी तक्रार राहील. माल युरोपकडे वाहतो हे ठीक, पण त्याच्या बदल्यात सोनं-चांदी हिंदुस्थानात येत होती, अरबस्तानातून दख्खनी फौजांसाठी घोडे येत होते. तो उलटा ओघ बाणांत कुठेच नाही. बाण उलटे फिरत नाहीत हे लक्षात ठेवून खेळेन, पण वर्गात हा नकाशा दाखवला तर हे सांगावंच लागेल.

धागाकर्ती (बारा दिवसांनी)

धागा वर काढतेय.

सहाव्यांदा सुरुवात केली. वहीत तीन रकाने केले, अ‍ॅडमिन पॉइंट, खजिना, मनुष्यबळ. दर जानेवारीला स्पेसबार दाबून तिन्ही आकडे लिहिते. विजयनगरशी लढाई झाली, जिंकले, आणि या वेळी तहात तुंगभद्रेच्या अलीकडचे दोनच प्रांत मागितले. दोघांची डेव्हलपमेंट मिळून २१. हाताशी २३० पॉइंट होते. बाकी रोख घेतली, तीन कर्जं फेडली. दोन्ही प्रांत कोअर झाले त्या दिवशी भाचीला फोन केला. तिची दुसऱ्या दिवशी परीक्षा होती, तरी पाच मिनिटं ऐकून घेतलं तिने.

आता १४६८ चालू आहे. बंड एकच झालं, तेही आटोक्यात. कर्ज नाही. विजयनगरशी केलेल्या तहाची मुदत संपायला दोन वर्षं आहेत. त्यांनी सरहद्दीवर नवा किल्ला बांधलाय. माझं लष्करी तंत्रज्ञान अजून चौथ्या पायरीवर, म्हणजे तोफा लांब आहेत. राजा लष्करात ४ आहे पण वय साठीच्या पुढे, वारस लहान. राजा आहे तोवर तोफांशिवायच वेढा घालून बघावा, की लष्करी पॉइंट साठवत तोफांची वाट बघावी? प्रतिसाद ३ वाले, तुम्ही इथे आहात का? पडद्याचा फोटो हवा असेल तर टाकते.