भाचीच्या ओठाला टाक्यांऐवजी गोंद लावलाय आणि आईनं त्यावर खोबरेल लावलं (मदत हवी आहे)

पॅटर्नवाला:

नमस्कार मंडळी. घाईत लिहितोय, चुका सांभाळून घ्या.

भाची साडेचार महिन्यांची. डाव्या बाजूचा ओठ जन्मतःच नाकपुडीपर्यंत दुभंगलेला, टाळू शाबूत. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आलं होतं, त्यांनीच चिठ्ठी देऊन बेळगावला धाडलं. पहिल्या खेपेला हिमोग्लोबिन ९.२ निघालं म्हणून माघारी पाठवलं. महिनाभर औषध दिलं आणि या सोमवारी ऑपरेशन झालं. पैसे लागले नाहीत. आज शुक्रवार. ताई बाळाला घेऊन आमच्याकडे माहेरी आहे, जांबोटीच्या पुढं. पाऊस असा की मोबाईलला रेंज आली तर आली.

आता अडचण. ओठावर बाहेरून एकही टाका नाही. जांभळट चकाकी असलेला एक पातळ पापुद्रा आहे, बस्स. डॉक्टर राउंडला आले तेव्हा कन्नडमध्ये बोलले. आईला त्यातलं ‘होळगी’ एवढंच कळलं. ती बाहेर येऊन मला म्हणते, ‘पुरणपोळी घालायची म्हणतोय रे, चार महिन्यांच्या पोरीला!’ आम्ही हसत बसलो आणि विचारायचं राहून गेलं. संमतीचा कागदही कन्नडमध्येच. मी बोलण्यापुरतं कन्नड बोलतो, छापील वाचताना अडखळतो. समजावून कुणी सांगितलं नाही, तेवढा राग आहेच.

काल रात्री आई म्हणाली, ‘पोरीचं कातडं ओढूलालंय, वाईच तेल लावते.’ आणि बोटभर खोबरेल लावलंसुद्धा. सकाळी बघतो तर नाकपुडीखाली पापुद्र्याची कड उचललेली, नखाएवढी. रक्त नाही. ताप नाही. पोरगी दूध पितेय.

माझी भीती वेगळीच आहे. मी उद्यमबागेत पॅटर्नशॉपला आहे, म्हणजे ओतकामाचे नमुने बनवतात तिथं; फेविक्विक रोज हातात. तो सांधा सरळ ओढला तर सुटत नाही, पण एका कडेनं सोलायला घेतला की टचकन निघतो. आणि सुती चिंध्यावर पडला तर चटका बसेल इतका तापतो. पोरगी रडली की ओठ चारी बाजूंनी ताणतो. असल्या गोंदावर ओठ कसा टिकायचा? पापुद्रा निघाला तर जखम उघडणार का? आत्ताच गाडी काढून जाऊ की सकाळपर्यंत थांबू?

निपाणीची सिस्टर:

दादा, आधी बॅटरी लावून नीट बघा. हात साबणानं धुऊन मगच. पापुद्र्याची कड उचललीय, की त्याच्या खालच्या कातड्याला फट पडलीय? दोन्हीत फार फरक आहे. कातडं मिटलेलं असेल, रक्त, पू, वास, पसरत जाणारी लाली, ताप यातलं काही नसेल तर रात्री घाटातनं गाडी काढू नका. पण डिस्चार्ज कार्डावरच्या नंबरावर आत्ताच फोन लावा आणि फोटो पाठवा. फट दिसली, रक्त आलं किंवा पोरीनं दूध सोडलं, तर मात्र वाट बघू नका.

तेल पुसायला साबण नको, घासायचं तर नाहीच. स्वच्छ मऊ धडप्यानं नुसतं टिपून घ्या. उचललेली कड ओढू नका, कापू नका. आणि हात जोडून सांगते, घरातलं फेविक्विक त्यावर लावू नका. असं करून आलेला माणूस मी बघितलाय.

तेल, तूप, व्हॅसलिन, कुठलंही मलम त्या गोंदाला सैल करतं. टाक्यांवर मलम लावायला सांगतात, गोंदावर नाही. गंमत अशी की वॉर्डात शेजारच्या खाटेवर टाक्यांचं बाळ असतं, त्याची आई मलम लावताना दिसते आणि मग सगळ्याच आज्या लावतात. तुमच्या आईवर चिडू नका.

दातांचा पीजी:

पॅटर्नवाले दादा, तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे, म्हणूनच उत्तर द्यायला मजा येतेय. सोलताना तो गोंद सुटतोच. म्हणून ताण त्याच्यावर ठेवायचाच नाही, असा नियम आहे.

ओठात तोंडाभोवती गोल फिरणारा एक स्नायू असतो. दुभंगलेल्या ओठात त्याची दोन्ही टोकं भलतीकडे चिकटलेली असतात. ऑपरेशनात ती सोडवून एकमेकांना शिवतात. तोंडाच्या आतलं अस्तर शिवतात. कातड्याच्या खालचा थरही शिवतात. हे सगळे विरघळणारे टाके. एवढं झालं की वरच्या कातड्याच्या कडा ओढ न लागता आपोआप एकमेकींना भिडल्या पाहिजेत. मग त्या भिडलेल्या रेघेवर गोंद. तोही फटीत नाही, वरून. आत गेला तर कडा भरून येण्याऐवजी तोच मध्ये अडून बसतो. तुमच्या भाषेत, सांधा आतून खिळ्यांनी पक्का आहे, गोंद म्हणजे वरून दिलेला रंगाचा हात.

डॉक्टर बहुतेक म्हणाले असतील, ‘वळग होलिगी हाकतीवि, म्याल अंटु हच्चतीवि.’ आत टाके घालतो, वर गोंद लावतो. होलिगी म्हणजे टाका. तुमच्या आईनं ऐकली ती होळगी :)

फेविक्विक आणि हा गोंद एकाच घराण्यातले, सायनोअॅक्रिलेट. पण फेविक्विकचा रेणू आखूड साखळीचा. शरीरात तो भराभर तुटतो, त्यातून फॉर्मल्डिहाइड सुटतं आणि पेशी जळतात. दवाखान्यातला ब्युटिल किंवा ऑक्टिल, लांब साखळीचा, सावकाश तुटणारा. तापतो तोही, म्हणून पातळ थर देतात. ऑक्टिलवाल्याला अमेरिकेत १९९८ साली मान्यता मिळाली, म्हणजे हा कालचा प्रयोग नाही.

आता दुसरी बाजू. आमच्या युनिटमधले सर अजून बारीक टाकेच घालतात. त्यांचं म्हणणं, ओठाच्या लाल भागाची कड एक मिलिमीटर जरी वरखाली झाली तरी समोर बसलेल्या माणसाला दिसते, आणि ती टाक्यानं जशी पकडता येते तशी गोंदानं नाही. गोंद वापरणारेही पुष्कळदा त्या कडेवर एखादा टाका देतात. ओल्या, लाल भागावर गोंद लावतच नाहीत. शिवाय सगळ्या प्रकारच्या जखमा एकत्र धरल्या तर उसवण्याच्या बाबतीत टाके थोडे सरसच ठरलेत. हेही लपवू नये.

चिकोडीकरीण:

माझ्या मोठ्याला टाके होते, तीन वर्षांमागं. ऑपरेशनपेक्षा टाके काढायचा दिवस जास्त लक्षात आहे. सहाव्या दिवशी चौघांनी धरलेलं, शेवटी थोडी गुंगी द्यावी लागली. त्यासाठी परत चार तास उपाशी. गोंद लावला तर ती खेप वाचते, एवढ्यासाठीसुद्धा मी गोंद घेतला असता.

कोपराच्या पट्ट्या लावल्यात ना? दवाखान्याच्या भिजल्या तेव्हा मी कॅलेंडरचा पुठ्ठा जुन्या साडीत शिवून केल्या होत्या. हात तोंडाकडे वळला नाही की काम झालं. आम्हाला अंगावर पाजायला लगेच परवानगी दिली होती, काही डॉक्टर थोडे दिवस वाटी-चमचा सांगतात, तुमच्यांना विचारा. दूध ओघळलं तर टिपायचं.

जुनं खोड:

गरोदरपणी गिराण (ग्रहण) पाळलं नसेल. आमच्या वेळी विळीला हात लावू द्यायचे नाहीत.

पॅटर्नवाला:

काका, ताईनं गिराणात खोलीतनं पाऊलसुद्धा बाहेर टाकलं नव्हतं. आई दाराशी बसून होती. तेव्हा हा विषय इथंच सोडू.

सिस्टर, बॅटरीनं बघितलं. खाली कातडं मिटलेलं आहे, गुलाबी रेघ, फट नाही. गच्चीवर छत्री धरून फोटो पाठवला. अर्ध्या तासानं ड्युटीवरच्या मॅडमचा फोन आला, मराठीतच बोलल्या. नाक वाहिल्यानं तिथली कड आधी सुटते, परत गोंद लावायची गरज नाही, सोमवारी दाखवा म्हणाल्या. ‘वळग’ हा शब्द आम्ही कुणी ऐकलाच नव्हता. सगळे होळगीवर अडकलो.

निपाणीची सिस्टर:

बरं झालं. पापुद्रा पाच ते दहा दिवसांत आपला आपण पडतो. आणि आत्ताच सांगून ठेवते, नाहीतर पुढच्या महिन्यात परत धागा काढाल. चार-सहा आठवड्यांनी व्रण लाल, कडक होईल, ओठ जरा वर ओढल्यासारखा दिसेल. ऑपरेशन बिघडलं असं वाटेल. बहुतेकांचं तसंच होतं, नंतर वर्षभरात मऊ पडत जातं.

पॅटर्नवाला:

बुधवारी पापुद्रा पडला. पाळण्याच्या चादरीला कांद्याच्या सालीसारखा चिकटलेला सापडला, आईनं आधी झुरळाचं पंख समजून झटकला. सोमवारी दाखवलं तेव्हा ठीक म्हणाले. मालिश कधी सुरू करायचं ते पुढच्या खेपेला सांगणार, तोवर खोबरेलाची बाटली ताईनं कपाटात कुलपात ठेवलीय. आईला ते अजिबात पटलेलं नाही.