झिरोला जाऊन आलात? मग लिहा

अरुणाचलच्या झिरो खोऱ्यात सप्टेंबरअखेरीस चार दिवस गाण्यांचा मेळा भरतो. बॉबी हानो आणि गिटारवाला अनुप कुट्टी या दोघांनी २०१२ साली तो सुरू केला. स्वतःच लिहायचं, स्वतःच चाल लावायची आणि स्वतःच गायचं, अशी मंडळी तिथं येतात. यंदा पुन्हा निघायचं घाटतंय, आणि या खेपेला आई-बाबा बरोबर आहेत. कोण कोण वाजवून गेलं याची यादी नको, ती कुठंही मिळते. तुमचं काय झालं ते सांगा. फजिती आधी.

सुरुवात माझ्यापासून. अरुणाचलात शिरायला आपल्यालाही इनर लाइन परमिट लागतं, इंग्रजांच्या १८७३ च्या कायद्याचं शेपूट. मी ते ऑनलाइन काढलं, छापलं, प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि तारीख टाकली मेळ्याची. गुवाहाटीहून रात्री निघालेली गाडी नाहरलगुनला पोचली ती आदल्या दिवशी पहाटे. तिथल्या शिपायानं कागद बघितला, मग मला बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "मॅडम, आप तो कल आएँगी." नवं परमिट स्टेशनवरच झालं, पण तोवर सुमोतल्या पुढच्या जागा गेल्या. शंभरेक किलोमीटरचा घाट मी मागच्या बाकावर, गुडघ्यांवर कुणाचं तरी कांद्याचं पोतं घेऊन काढला. पाच तास.

*

आम्ही कोकणातले. चिखलाचं काय कौतुक सांगता, म्हणत सँडल घालून गेलो. पहिल्याच संध्याकाळी एक सँडल आत राहिलं. कोपरापर्यंत हात घालून शोधलं, तर भलत्याच कुणाचं हाताला लागलं. सकाळी हापोलीच्या बाजारात गमबुटांसाठी ही गर्दी! माझा नंबर सात, शिल्लक फक्त दहा. घेतले. दोन-दोन मोजे चढवले, पुढे वर्तमानपत्राचे बोळे कोंबले. चालताना आधी पाय पुढे जायचा, मागाहून बूट.

पण मला लिहायचंय ते वाटेतल्या शेतांबद्दल. मेळ्याचं मैदान आपातानी लोकांच्या, म्हणजे झिरोतल्या मूळ जमातीच्या, भातखाचरांना लागून आहे. भात पिवळं पडायला लागलेलं, खाचरात पाणी, आणि त्या पाण्यात मासे. चुकून आलेले नव्हेत, मुद्दाम सोडलेले. बांधावर बघतो तर नाचणी! आमच्याकडे नाचणी वरकस जमिनीत, डोंगराच्या उतारावर. इथं बांधाची वीतभर जागासुद्धा रिकामी नाही. मी तिथंच उकिडवा बसलो. ज्यांच्या घरी उतरलो होतो ते काका मागून आले, त्यांनी सगळं दाखवलं. खाचरात एक चर खणलेला असतो, पाणी उतरलं की मासे त्यात गोळा होतात. जादा पाणी जायला बांधातून नळी काढलेली, आणि मासा निसटू नये म्हणून तिच्या तोंडाशी जाळी. नांगर नाही, बैल नाही, सगळी मेहनत हाताची. मी म्हटलं, आमच्याकडे लावणीला माणसं मिळत नाहीत. ते म्हणाले, इथंही पोरं शहरात चाललीत.

या नादात दुपारचे दोन बँड हुकले. बायको अजून ऐकवते. गमबूट माळ्यावर आहेत.

*

मी तबल्याचा माणूस, वय ६१. मुलीनं ओढून नेलं. खुर्ची नाही, गवतावर बसायचं, आणि गवत ओलं. दोन रंगमंच, दोन्हींना बांबूचं काम. दिवसाचा दान्यी, रात्रीचा पीलो, म्हणजे आपातानीत सूर्य आणि चंद्र. घड्याळ आपलंच चालतं, सूर्य मात्र पूर्वेचा, त्यामुळे सव्वापाचला दिवस बुडतो. साडेसहाला मला वाटायचं जेवणं उरकून निजावं, आणि मुलगी म्हणायची, बाबा, अजून सुरू व्हायचंय.

पहिले दोन बँड मला मोरीत भांडी पडल्यासारखे वाटले. तिसऱ्याला पाऊस आला. मागची पोरं ताडपत्री घेऊन यंत्रांवर अक्षरशः आडवी पडली. गिटार घेतलेली मुलगी मात्र खुंटीला कान लावून तारा मिळवत राहिली. दमट हवेत आपला तंबोरा जसा छळतो तसंच ते चाललं होतं. लोक ओरडतायत, शिट्या मारतायत, ही ढिम्म. सूर मिळाल्याशिवाय तिनं गाण्याला हात घातला नाही. तिथं मी सावरून बसलो. भाषा खासी होती की मिझो, मला कळली नाही. मात्रा सहा होत्या, पण जोर आपण धरतो तिथं नाही. मांडीवर ठेका धरला आणि दोनदा समेवर आपटलो. तिसऱ्यांदा सापडली. मुलगी कुजबुजली, बाबा, शेजारचे बघतायत. बघू देत की.

दुसऱ्या दिवशी गुडघे वाकेनात ते वेगळं. घडीची चटई आणि खाली अंथरायला ताडपत्रीचा तुकडा न्या.

*

सुरुवातीच्या वर्षांत सॉनिक यूथ या अमेरिकन रॉक बँडचे ली रॅनाल्डो आणि स्टीव्ह शेली झिरोत वाजवून गेले, तेव्हा मी नोकरीच्या मुलाखतीला थांबलो होतो. नोकरी मिळाली नाही. एवढंच.

*

तंबू भाड्यानं देणाऱ्याचं नाव घेत नाही. फोटोतला तंबू उंचवट्यावर होता, आम्हाला मिळाला तो उताराच्या पायथ्याशी. रात्री दोनला जाग आली ती उशी ओली लागली म्हणून. बॅटरी लावली तर चपला तंबूतल्या तंबूत पोहतायत. सकाळी भांडायला गेलो. तो म्हणतो, तंबू वॉटरप्रूफच आहे, पाणी खालून आलंय. खरंच खालून आलं होतं! पुढे काय बोलणार?

आई-बाबांना घेऊन जाताय तर गावात कुणाच्या घरी उतरा. आम्ही उरलेल्या रात्री तशाच काढल्या. घराच्या मधोमध चूल, तिच्यावर टांगलेली बांबूची मांडणी, आणि मांडणीवर धुरावत ठेवलेलं मांस. ओले मोजेही तिथंच वाळतात. त्या वासाचे कपडे घरी आल्यावर तीनदा धुतले. मांस खाणाऱ्यांची चंगळ आहे. शाकाहारी असाल तर भात, डाळ आणि उकडलेली भाजी मिळते, मेतकूट-चटणी जवळ असू द्या. रोख पैसेही न्या. रेंज गेली की फोनमधले पैसे फोनमध्येच राहतात.

*

मी २०२२ ला गेले, कोविडमुळे दोन वर्षं खंड पडून मेळा पुन्हा भरला तेव्हा. गाणी आवडली, त्यावर वर पुष्कळ आलंय. मला एक वेगळीच गोष्ट सांगायची आहे.

तिथल्या म्हाताऱ्या आपातानी बायकांच्या कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत गोंदणाची रेघ असते, हनुवटीवर उभ्या रेघा आणि दोन्ही नाकपुड्यांत काळ्या चकत्या. शेजारच्या टोळ्यांनी पळवून नेऊ नये म्हणून ही चाल पडली असं सांगतात. १९७० च्या दशकात ती थांबली, त्यामुळे हे चेहरे आता फक्त आज्यांचे. साहजिकच सगळ्यांना त्यांचे फोटो हवे असतात. मैदानाबाहेर एक आजी भाजलेली कणसं विकत बसली होती. समोर चार कॅमेरे, आणि कणीस कुणी घेत नव्हतं. माझाही फोन हातात होताच.

तिनं मला हातानं जवळ बोलावलं. वाटलं, फोटोचे पैसे मागणार. तिनं माझ्या नाकातल्या चमकीला बोट लावलं, मग स्वतःच्या चकतीला, आणि शेजारणीला काहीतरी सांगितलं. दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मी कणसं भाजणाऱ्या नातवाकडे बघितलं. तो लाजत म्हणाला, "दादी बोल रही है, बस इतना सा?"

फोन पिशवीत टाकला. दोन कणसं घेतली. मीठ नव्हतं, तिखट मात्र भरपूर.

*

सगळ्यांचं वाचलं, आईलाही वाचून दाखवलं. तिनं ठेवणीतली मोठी नथ कपाटातून बाहेर काढलीय. बरोबर नेणार म्हणते. बाबांनी मेतकुटाचा डबा भरायला घेतलाय, निघायला अजून महिना आहे. गमबूटवाले दादा, विकणार का? बाबांचा पाय दहाच आहे.

*

विकायचे कसले, असेच घेऊन जा. आतले बोळे काढायचे राहिलेत तेवढे बघा. आणि डाव्या बुटात ते भलत्याच कुणाचं सँडल आहे, मैदानावर कुणी विचारलं तर द्या.