पहिला छोटा ट्रॅक्टर : आधी कंपनी पाहावी की आधी मिस्त्री?

राजापूर तालुक्यातील शेतकरी (धागा सुरू करणारा)

दोन वर्षांपूर्वी आमच्या गोठ्यातली शेवटची बैलजोडी विकली. तेव्हापासून प्रत्येक पावसाळ्याचे पहिले पंधरा दिवस भाड्याच्या पॉवर टिलरची (मागून चालत हाकायच्या मशागत यंत्राची) वाट पाहण्यात जातात. तरवा (भाताची रोपे) लावणीला आलेला असतो, खाचरात पाणी साचलेले असते, आणि टिलरवाला पलीकडच्या वाडीत अडकलेला असतो. म्हणून यंदा स्वतःचा छोटा ट्रॅक्टर घ्यायचे ठरवले आहे. सुमारे तीन एकर भातशेती आहे, तीही चौदा कुणग्यांत, म्हणजे बांधांनी वेगळ्या झालेल्या लहान खाचरांत, विभागलेली. वरच्या अंगाला हापूसची दीडशे कलमे आणि थोडी काजूबाग आहे.

22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरील जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला, त्यामुळे आधी हाताबाहेर वाटणारी यंत्रेही विचारात घेता आली. सध्या माझ्यासमोर तीन नावे आहेत : कुबोटाचा निओस्टार बी 2441, महिंद्राचा जिवो 245 डीआय आणि व्हीएसटीचा एमटी 180 डी. पहिले दोन 24 अश्वशक्तीचे आणि चारही चाकांना जोर असणारे आहेत, तिसरा 18.5 अश्वशक्तीचा आहे.

माझे मत असे बनत चालले आहे की, या यंत्रांमध्ये जेवढा फरक आहे त्याहून अधिक फरक ती दुरुस्त करायला येणारा मिस्त्री किती अंतरावर राहतो यात आहे. कंपनीच्या नावावरून घरोघरी वाद होतात, पण ती नावे तरी कितपत वेगळी उरली आहेत? स्वराज 717 आणि महिंद्रा युवराज 215 हे दोन्ही पंधरा अश्वशक्तीचे, एका सिलिंडरचे ट्रॅक्टर आहेत, आणि स्वराज 2007 पासून महिंद्राच्याच ताब्यात आहे. एस्कॉर्ट्स आणि कुबोटा हेही 2022 मध्ये एका नावाखाली आले. तेव्हा लावणीच्या आठवड्यात फोन केल्यावर त्याच दिवशी ज्याचा माणूस येईल, त्याचाच ट्रॅक्टर घ्यावा, असे मला वाटते. जाणकारांनी, विशेषतः या मताशी सहमत नसलेल्यांनी, लिहावे.

कुडाळ, भातशेती

मी सहमत नाही, आणि का ते सविस्तर लिहितो, कारण पहिल्या खरेदीच्या वेळी मीही नेमका असाच विचार केला होता. मिस्त्री जवळ असणे ही सोय आहे. यंत्र कमी बिघडणे ही कमाई आहे. आज जवळ असलेली एजन्सी पाच वर्षांनी तिथे असेलच असे नाही. आमच्याकडे एका कंपनीच्या विक्रेत्याने तीन वर्षांत दुकान बंद केले आणि ज्यांनी केवळ तो जवळ आहे म्हणून ट्रॅक्टर घेतले होते, त्यांना पुढे सुट्या भागांसाठी घाट चढून कोल्हापूर गाठावे लागले. विक्रेता बदलतो, मिस्त्री दुसरीकडे जातो, पण यंत्राची घडण दारात उभी असते तोवर तीच राहते.

आपल्याकडच्या कामात पुढच्या आसाची रचना सगळ्यांत महत्त्वाची आहे. चिखलणीत पुढची चाके निम्म्याहून अधिक गाळात असतात. पुढच्या चाकांना जोर पोहोचवणारे दाते पूर्ण बंदिस्त आणि तेलात असतील, तर चिखलपाण्याला आत जायला वाट राहत नाही. कुबोटाच्या या मालिकेत बेव्हल गिअरची तशी रचना आहे आणि ती भातशेती डोळ्यांसमोर ठेवूनच केलेली आहे. शिवाय बी 2441 चे इंजिन तीन सिलिंडरचे आहे, त्यामुळे हादरे कमी बसतात. दिवसभर रोटाव्हेटर (ट्रॅक्टरमागचे फिरत्या पात्यांचे अवजार) चालवणाऱ्याच्या कमरेला तो फरक संध्याकाळी जाणवतो. जिवोचे इंजिन दोन सिलिंडरचे आहे. इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर त्याला चांगली ओढ आहे हे मी मान्य करतो, पण लहान कुणग्यात सतत वळणे घेताना मला हलके, शांत यंत्र अधिक सोयीचे वाटते.

चिपळूण, यंत्रदुरुस्ती

मी सोळा वर्षे हेच काम करतो आणि दोघांनीही थोडे थोडे बरोबर लिहिले आहे, पण मूळ मुद्दा राहूनच गेला आहे. ट्रॅक्टर उभा राहतो तो मिस्त्री नसल्यामुळे क्वचितच. तो उभा राहतो सुटा भाग नसल्यामुळे.

गेल्या पावसाळ्यात एका चांगल्या कंपनीचा, दोन वर्षेही न झालेला ट्रॅक्टर माझ्याकडे आला. नाव लिहीत नाही, कारण हे कोणाच्याही बाबतीत घडू शकते. पुढच्या आसाचे तेल काढले तर ते दुधाच्या चहासारखे झाले होते, म्हणजे पाणी अडवणाऱ्या सीलमधूनच पाणी आत शिरले होते. त्या सीलची किंमत काही शे रुपये. मी अर्ध्या दिवसात काम केले असते. पण सील विक्रेत्याकडे नव्हते, ते बाहेरून यायला अकरा दिवस लागले, आणि तेवढ्यात त्या शेतकऱ्याची लावणी भाड्याच्या टिलरने उरकली गेली. त्याचा मिस्त्री, म्हणजे मी, त्याच्या घरापासून चार किलोमीटरवर होतो.

म्हणून माझा सल्ला असा की, विक्रेत्याकडे जाताना ट्रॅक्टर पाहायला न जाता त्याच्या सुट्या भागांच्या काउंटरवर जावे. पुढच्या आसाची सीले, क्लच प्लेट, डिझेल आणि तेलाचे फिल्टर, हायड्रॉलिकची नळी, फॅन बेल्ट, रोटाव्हेटरची पाती : यांची नावे कागदावर लिहून न्यावीत आणि ‘आहे’ एवढ्या उत्तरावर न थांबता वस्तू फळीवरून खाली काढून दाखवायला सांगावी. ‘मागवून देतो’ हे उत्तर जुलै महिन्यात काहीच कामाचे नसते.

कुडाळच्या बंधूंनी बंदिस्त दात्यांबद्दल लिहिले ते खरे आहे, मात्र कोणतीही रचना असली तरी सील हे झिजणारेच असते. चिखलणी संपल्यावर दोन गोष्टी न चुकता कराव्यात : आसाचे आणि गिअरबॉक्सचे तेल थोडे काढून रंग पाहावा, आणि चाकांच्या तुंब्यांभोवती गुंडाळलेले गवत व पेंढ्याचे तुकडे सोडवावेत. तो पेंढाच सीलची कड कापतो. निम्मी बिघाडप्रकरणे मी या एका कारणाने पाहिली आहेत. किनाऱ्याजवळ राहत असाल तर विजेच्या जोडण्यांना खारी हवा धरते, त्यांना ग्रीस लावून ठेवावे.

रोटाव्हेटर घेताना मोठा घेण्याचा मोह अनेकांना होतो. इंजिन 24 अश्वशक्तीचे असले तरी ती सगळी मागच्या पीटीओपर्यंत, म्हणजे अवजारे फिरवणाऱ्या दांड्यापर्यंत, पोहोचत नाही. त्यामुळे साडेतीन ते चार फुटांच्या आतच राहावे, पण मागच्या दोन्ही चाकांच्या बाहेरच्या कडांपेक्षा रोटाव्हेटर किंचित रुंद असावा, नाहीतर चाकाची दाबलेली वाट तशीच मागे राहते.

देवगड, कलमबाग

आपण तिघेही खाचरावर बोलत आहात. धागाकर्त्याची दीडशे कलमे चर्चेत आलीच नाहीत. माझी बाग कातळावर आहे. खड्डे काढून, माती भरून लावलेल्या कलमांत नांगरटीचा प्रश्नच येत नाही. ट्रॅक्टर लागतो तो गवत कापायला, मोहोरापासून पाच-सहा फवारण्यांसाठी पीटीओवरचा पंप चालवायला, आणि एप्रिल-मेमध्ये पेट्या रस्त्यापर्यंत आणायला. तांबड्या मातीतल्या बागेतही कलमाच्या घेराखाली रोटाव्हेटर फिरवू नये, वरच्या थरातली तंतुमुळे तुटतात.

अशा कामाला इंजिन कोणाचे यापेक्षा ट्रॅक्टरची उंची आणि धुराड्याची जागा पाहावी लागते. सायलेन्सर बॉनेटवर उभा असेल तर खालच्या फांद्या त्यात अडकतात, आणि मोहोर असताना एकेक फांदी मोलाची असते. सायलेन्सर खाली, बाजूला असेल तर वाकून जाता येते, पण मग फेब्रुवारीनंतर वाळलेल्या गवतातून जाताना त्याची धग गवताला लागणार नाही याची काळजी घ्यावी लागते. काजूबागेतला वणवा ज्याने पाहिला आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. आणि उतार. भरलेली ट्रॉली घेऊन उतरताना पुढच्या चाकांचा जोर चालू ठेवला तर ती चाकेही ट्रॅक्टर रोखायला मदत करतात. फक्त मागच्या चाकांना जोर असलेला ट्रॅक्टर स्वस्त म्हणून आमच्या घाटीत मी कोणालाही घेऊ देणार नाही.

गुहागर, पॉवर टिलर

माझे मत सगळ्यांच्या विरुद्ध आहे. तीन एकर चौदा कुणग्यांत म्हणजे एक कुणगा सरासरी नऊ गुंठ्यांहून कमी. त्यात ट्रॅक्टर वळवण्यातच वेळ जाणार आणि चारही कोपरे कुदळीने करावे लागणार. 13 अश्वशक्तीचा पॉवर टिलर बांध ओलांडतो, दोन माणसे त्याला हाताने फिरवतात, आणि तो ट्रॅक्टरच्या निम्म्याहून कमी पैशांत येतो. आमच्या वाडीत शेताकडे जायला पाखाडी आहे. जांभ्याच्या पायऱ्यांवरून कोणत्याही कंपनीचा ट्रॅक्टर उतरत नाही. आधी आपली वाट मोजा, मग कंपन्यांची तुलना करा.

राजापूर तालुक्यातील शेतकरी (धागा सुरू करणारा)

गुहागरच्या दादांचे वाचून काल सकाळी फीत घेऊन वाट मोजली. पाणंदीच्या दोन्ही बाजूंच्या गडग्यांमधले सर्वांत कमी अंतर पाच फूट दोन इंच आहे. छोटा ट्रॅक्टर जातो, रोटाव्हेटर लावूनही जातो. चौदापैकी तीन कुणग्यांत मात्र तो उतरवता येणार नाही. तिथे टिलर भाड्याने आणावाच लागेल, हे मी आता मान्य करतो. पण टिलरच घ्यावा हे मला पटत नाही, कारण त्याच्यामागे दिवसभर चिखलातून चालायला माझ्या घरात माझ्याशिवाय कोणी नाही, आणि माझे वय पन्नाशीच्या पुढे आहे. ट्रॅक्टरवर बसून माझी मुलगीही काम करू शकेल, असा माझा हिशोब आहे.

मिस्त्रीबद्दलचे माझे मत चिपळूणच्या मित्रांनी दुरुस्त केले. मी अंतर मोजत होतो, मोजायला हवी होती फळी.

कुडाळ, भातशेती

मुलगी चालवणार असेल तर पॉवर स्टीअरिंग, तेलात बुडालेले ब्रेक आणि मागची संरक्षक चौकट या तीन गोष्टींवर तडजोड करू नका. बांधावरून घसरलेला छोटा ट्रॅक्टर उलटायला वेळ लागत नाही. आणि एक व्यवहाराची गोष्ट. महाडीबीटीवर, म्हणजे अनुदानाच्या सरकारी संकेतस्थळावर, अर्ज केला असेल तर पूर्वसंमती हातात येईपर्यंत बयाणाही देऊ नका, कारण आधी केलेल्या खरेदीला अनुदान मिळत नाही. लहान व सीमांत शेतकरी आणि महिलांना अनुदानाचा दर 50 टक्के आहे, पण त्यावर कमाल मर्यादा असते, तेव्हा विक्रेत्याने निम्मी किंमत परत मिळेल असे सांगितले तर तो हिशोब कृषी साहाय्यकाकडून तपासून घ्या. सातबारा सामाईक असेल तर इतर खातेदारांच्या संमतीला वेळ लागतो. ते काम आजच सुरू करा. फळीवरच्या सुट्या भागांचा मुद्दा मी मान्य करतो, तरी माझा कल घडणीकडेच राहील. सील आणि फिल्टर यांचा एक संच मी पहिल्या दिवशीच विकत घेऊन माळ्यावर ठेवला होता. चांगले यंत्र दूर मिळत असेल तर असा संच बाळगणे मला मधल्या प्रतीचे यंत्र घेण्यापेक्षा स्वस्त पडले.

राजापूर तालुक्यातील शेतकरी (धागा सुरू करणारा)

सातबाऱ्यावर माझ्यासह सात नावे आहेत, त्यांतली दोन मुंबईला. त्यांना आजच फोन केला. व्हीएसटीचा पर्याय उतारामुळे सोडून दिला आहे, कारण मी पाहिलेल्या त्या मॉडेलला पुढच्या चाकांचा जोर नव्हता. उरलेल्या दोन्ही विक्रेत्यांना मी एकच विनंती केली आहे : ट्रॅक्टर सिमेंटच्या अंगणात फिरवून न दाखवता पहिल्या पावसानंतर माझ्या सगळ्यांत खोल कुणग्यात तासभर चिखलणी करून दाखवावी. एकाने होकार दिला आहे, दुसरा विचारून सांगतो म्हणाला. शनिवारी दोघांच्याही काउंटरवर कागद घेऊन जातो आहे. चिपळूणच्या मित्रांनी यादीत आणखी काही घालायचे असल्यास तोवर कळवावे.